आडोशातला दुसरा माणूस : दृष्टिहीन मतदार, ब्रेल आणि गुप्त मतदान

मतदान केंद्रातला मतदान कक्ष म्हणजे प्रत्यक्षात एक टेबल आणि त्यावर तीन बाजूंनी उभा केलेला पुठ्ठ्याचा आडोसा असतो. त्या आडोशात बॅलट युनिट, म्हणजे उमेदवारांची नावे आणि बटणे असलेले यंत्र, आणि दिलेल्या मताची चिठ्ठी छापून दाखवणारे व्हीव्हीपॅट ठेवलेले असते आणि मतदार तिथे असताना दुसऱ्या कोणी आत जायचे नसते. यंत्राशी छेडछाड होऊ नये म्हणून गरज वाटली, किंवा मतदार फारच वेळ आत राहिला, तर केंद्राध्यक्षाला आत जाण्याची मुभा आहे. पुठ्ठ्याच्या या तीन भिंतींनी नवऱ्यापासून बायकोचे, मालकापासून गड्याचे आणि सरपंचापासून गावकऱ्याचे मत आजवर झाकून ठेवले आहे. एका प्रकारच्या मतदाराबाबत मात्र नियमच उलटा फिरतो. मतदार दृष्टिहीन असेल, तर त्याच्याबरोबर आडोशात दुसऱ्या माणसाला जाऊ द्यावे, अशी तरतूद कायद्याने करून ठेवली आहे.

दृष्टिहीन मतदाराला स्वतःच्या बोटाने आणि दुसऱ्या कोणाला न कळता मत देता यावे, यासाठी २००४ पासूनच्या वीस वर्षांत भारतात काय केले गेले, त्यातले काय साधले आणि कोणत्या टप्प्यावर साधलेले पुन्हा निसटले, एवढ्यापुरता हा अभ्यास मर्यादित आहे. दिव्यांगांच्या मतदानाची चर्चा बहुधा उतार, व्हीलचेअर आणि ने-आण करणारी वाहने यांच्यापाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. या सोयी हव्यातच, आणि त्या मिळवण्यासाठीही न्यायालयाची पायरी चढावी लागली होती, हे पुढे येईल. परंतु उतार बांधता येतो, त्याचे छायाचित्र काढता येते, अहवालात त्याची संख्या लिहिता येते. आडोशात मतदार एकटा होता की नाही, याची मोजदाद त्या मानाने फारच कमी होते.

सोबत्याचा नियम

निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील नियम ४९-एन असा आहे की, अंधत्वामुळे किंवा अन्य शारीरिक दुर्बलतेमुळे मतदाराला बॅलट युनिटवरील चिन्हे ओळखता येत नाहीत किंवा मदतीवाचून योग्य ते बटण दाबता येत नाही, अशी केंद्राध्यक्षाची खात्री झाली, तर त्या मतदाराला अठरा वर्षांहून कमी वय नसलेला सोबती मतदान कक्षात नेऊ द्यावा, आणि सोबत्याने मतदाराच्या वतीने, त्याच्या इच्छेप्रमाणे मत नोंदवावे. एका व्यक्तीला त्या दिवशी कोणत्याही केंद्रावर एकाहून अधिक मतदारांची सोबत करता येत नाही. नोंदवलेले मत गुप्त राखीन आणि आज मी अन्य कोणाचा सोबती झालेलो नाही, असे घोषणापत्र त्याला द्यावे लागते, आणि अशा सर्व मतदारांची नोंद केंद्राध्यक्ष नमुना १४-अ मध्ये ठेवतो.

नियम विचारपूर्वक केलेला आहे, हे मान्य करावेच लागेल. एका सोबत्याला एकच मतदार ही अट नसती, तर प्रत्येक गावात एखादा उत्साही कार्यकर्ता सकाळपासून संध्याकाळपर्यंत म्हाताऱ्या आणि अधू मतदारांना हात धरून आत नेत बसला असता. मात्र या अटींनी जे संरक्षण मिळते, ते मुख्यतः निवडणुकीला मिळते. सोबत्यापासून मतदाराला मिळणारे संरक्षण म्हणजे त्या घोषणापत्राचा कागद. सोबत्याने भलतेच बटण दाबले, तर ते मतदाराला कळण्याचा मार्ग नाही. त्याने इमानाने सांगितले तेच बटण दाबले, तरीही मत गुप्त राहिले नाही, कारण ते निदान एकाला कळले, आणि तो एक बहुतेक वेळा घरातलाच असतो. सासरच्या माणसांचा कल एका पक्षाकडे आणि स्वतःचा दुसऱ्याकडे असलेली दृष्टिहीन सून दिराला सोबती म्हणून घेऊन गेली, तर तिने मत बदलावे की भांडण पत्करावे, हा प्रश्न यंत्रासमोर उभे राहण्याच्या आधीच सुटलेला असतो. एकाच वसतिगृहात दहा-बारा दृष्टिहीन मतदार राहत असतील, तर एकाला एक या हिशेबाने तितकेच डोळस सोबती त्या दिवशी जमवावे लागतात, ही व्यावहारिक अडचण वेगळीच.

याच नियमावलीत शाईविषयी एक बारकावा आहे, तो इथे आठवतो. डाव्या हाताची तर्जनी नसेल, तर डाव्या हाताच्या दुसऱ्या बोटाला शाई लावावी. डाव्या हाताला बोटेच नसतील, तर उजव्या हाताच्या बोटाला. दोन्ही हातांना बोटे नसतील, तर डाव्या किंवा उजव्या बाहूचा जो शेवटचा भाग असेल त्याला. म्हणजे हात नसलेला नागरिकही मतदानाला येईल, हे नियम लिहिणाऱ्यांना ठाऊक होते, आणि त्याने दुसऱ्यांदा मत देऊ नये याची तजवीज त्यांनी अगदी टोकापर्यंत केली होती. त्याने पहिल्यांदा कसे मत द्यावे, याबाबत मात्र सोबत्यापुढे त्यांचा विचार गेला नाही.

निरक्षरांसाठी जे सुचले

हे न सुचण्याचे कारण अननुभव होते, असे म्हणता येत नाही. १९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षरता सुमारे १८ टक्के होती आणि त्याच सुमारास पहिली सार्वत्रिक निवडणूक घ्यायची होती. उमेदवाराचे नाव वाचू न शकणाऱ्या कोट्यवधी मतदारांसाठी सुकुमार सेन यांच्या निवडणूक आयोगाने प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी ठेवली आणि तिच्यावर चिन्ह लावले. मतदाराने आपल्या पसंतीच्या चिन्हाच्या पेटीत मतपत्रिका टाकायची. पुढे पेट्यांची पद्धत गेली, एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत आली, परंतु चिन्ह राहिले ते आजतागायत. निरक्षर मतदाराबरोबर नाव वाचून दाखवणारा साक्षर सोबती द्यावा, असा मार्ग तेव्हाही काढता आला असता. तो काढला नाही, कारण तसे केले असते तर गावातल्या चार साक्षरांच्या हाती साऱ्या गावाचे मत गेले असते. राज्ययंत्रणेने मतदाराला माणूस दिला नाही, तर मतपत्रिकेची रीतच बदलली.

दृष्टिहीनांच्या बाबतीत नेमके हेच करायचे होते. चिन्ह हे डोळस निरक्षरासाठी केलेले साधन आहे. स्पर्शाने ओळखता येईल असे काही मतपत्रिकेवर नव्हते. कागदाच्या मतपत्रिकेच्या काळात ते करणेही अवघड होते, कारण दर निवडणुकीला नवी मतपत्रिका, तिची लांबी-रुंदी वेगळी, उमेदवार वेगळे. यंत्र आल्यावर मात्र परिस्थिती बदलली. बॅलट युनिटवर सोळा बटणे ठरावीक जागी, ठरावीक अंतराने, एकाखाली एक असतात, आणि ती बोटाला लागतात. ही सोय कोणी दृष्टिहीनांसाठी म्हणून केली नव्हती. ती यंत्राच्या घडणीतून आपोआप आली होती आणि कोणीतरी तिचा उपयोग करून घेण्याची वाट पाहत होती.

२००४ : याचिका, उतार आणि आसिफनगर

२००४ च्या लोकसभा निवडणुकीत सर्व ५४३ मतदारसंघांत प्रथमच मतदान यंत्रे वापरली गेली. त्याच एप्रिल महिन्यात जावेद अबिदी यांच्या पुढाकाराने काम करणाऱ्या डिसएबल्ड राइट्स ग्रुपने दिव्यांग मतदारांची अडचण सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली. मागण्या साध्या होत्या : केंद्रांवर उतार असावेत आणि यंत्रांवर ब्रेल असावे. १९९५ चा अपंग व्यक्तींसाठीचा कायदा तेव्हा अमलात होता, पण त्यात मतदानासंबंधी स्वतंत्र तरतूद नव्हती. तरीही निवडणुकीचे टप्पे चालू असतानाच न्यायालयाने उतारांबाबत आदेश दिले, आणि पुढे २००७ मध्ये उतार, प्राधान्य आणि मतदान कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांविषयीचे निर्देश आले. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या तीन पायऱ्यांवर टाकलेली लाकडी फळी हे आज महाराष्ट्रातल्या मतदानाच्या दिवशीचे परिचित दृश्य आहे. फळी टाकली म्हणजे उतार झाला असे नाही. सर्वसाधारण मानक एकास बारा या प्रमाणाचे आहे, म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी लागते, आणि त्याहून उभ्या फळीवरून व्हीलचेअर चढवायला दोन माणसे मागून लागतात. पण त्या तपशिलात इथे शिरत नाही.

ब्रेलचा पहिला प्रयोग त्याच वर्षी झाला. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील, हैदराबाद शहरातल्या आसिफनगर विधानसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत बॅलट युनिटवर ब्रेल अंक लावून पाहिले गेले. २००५ मध्ये बिहार, झारखंड आणि हरयाणा येथे, २००६ मध्ये आसाम, पश्चिम बंगाल, तमिळनाडू, पुदुच्चेरी आणि केरळ येथे विधानसभा निवडणुकांत निवडक मतदारसंघांत तो पुन्हा केला गेला आणि २००९ च्या लोकसभा निवडणुकीत ब्रेल अंक देशभर आले. एका पोटनिवडणुकीपासून संपूर्ण देशापर्यंतचे अंतर पाच वर्षांत तोडले गेले. सरकारी प्रयोगांच्या नशिबी बहुधा जे येते, त्या मानाने हा वेग वाखाणण्याजोगा आहे, आणि छोट्या जागी करून पाहणे, मग वाढवणे ही रीतही योग्य होती.

ब्रेल प्रत्यक्षात कसे चालते

यंत्रावर ब्रेलमध्ये असतो तो फक्त अनुक्रमांक. उमेदवाराचे नाव, पक्ष, चिन्ह यांपैकी काहीही बॅलट युनिटवर ब्रेलमध्ये नसते, आणि ते तसे असणे सोपेही नाही, कारण यंत्र तेच राहते आणि मतपत्रिका दर निवडणुकीला, दर मतदारसंघाला बदलते. म्हणून दोन भागांची व्यवस्था केली गेली. केंद्रावर ब्रेल लिपीतली नमुना मतपत्रिका ठेवायची, तिच्यावर क्रमांक आणि त्यापुढे उमेदवाराचे नाव व पक्ष; मतदाराने ती वाचायची, आपल्या उमेदवाराचा क्रमांक लक्षात ठेवायचा, आत जाऊन तोच क्रमांक बोटाने शोधायचा आणि शेजारचे बटण दाबायचे. मतदान अधिकाऱ्याजवळच्या कंट्रोल युनिटचा, म्हणजे मत साठवणाऱ्या यंत्राचा, लांबलचक आवाज आला की मत नोंदले गेले.

कागदावर ही व्यवस्था पूर्ण दिसते. ती कुठे कुठे अडखळू शकते, ते पाहण्यासारखे आहे.

पहिली अडचण वेळेची. अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावरच उमेदवारांची अंतिम यादी ठरते, आणि तिथून मतदानापर्यंत कायद्याने किमान चौदा दिवस असावे लागतात. एवढ्या अवधीत प्रत्येक मतदारसंघाची ब्रेल मतपत्रिका तयार करायची, ब्रेल जाणणाऱ्याकडून तपासून घ्यायची, ब्रेल छापखान्यात उठवून घ्यायची आणि केंद्रोकेंद्री पोहोचवायची. महाराष्ट्र विधानसभेचे मतदारसंघ २८८ आणि २०२४ च्या निवडणुकीतली मतदान केंद्रे एक लाखाहून अधिक, हे लक्षात घेतले म्हणजे कामाचा आकार कळतो. ब्रेलचा कागद दडपला गेला की उठाव बसतो, त्यामुळे साहित्याच्या पिशवीत तो कोणत्या वजनाखाली ठेवला आहे, यावरही तो वाचता येणार की नाही हे अवलंबून राहते.

दुसरी अडचण ब्रेल वाचता येण्याची. अंधशाळेत शिकलेल्या व्यक्तीला ब्रेल येते. मधुमेहाने, काचबिंदूने किंवा वयपरत्वे पन्नाशीनंतर दृष्टी गेलेल्याला ते बहुधा येत नाही, आणि मतदारांच्या रांगेत असे लोक पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी ही संपूर्ण व्यवस्था म्हणजे खरखरीत कागद. तरीही अंकांचा त्यांना उपयोग होऊ शकतो, कारण घरी कोणी यादी वाचून दाखवली आणि आपला उमेदवार चौथा हे कळले, तर चौथे बटण मोजून दाबण्यासाठी ब्रेल यावे लागत नाही. यादी सर्वांनाच वाचून दाखवली जाते, त्यातून मत कोणाला, हे कळत नाही. ही साधी युक्ती कुटुंबांपर्यंत फारशी पोहोचलेली नाही, असे माझे मत आहे. दृष्टिहीन म्हटले की सोबती, हेच समीकरण पक्के बसले आहे.

तिसरी अडचण उमेदवारांच्या संख्येची. ‘यांपैकी कोणीही नाही’ या अर्थाच्या नोटा पर्यायासह सोळा नावांपर्यंत एक युनिट पुरते. त्यापुढे दुसरे लागते, आणि मतदाराला आधी आपले युनिट कोणते ते शोधावे लागते. २०१९ मध्ये तेलंगणातल्या निजामाबाद लोकसभा मतदारसंघात १८५ उमेदवार होते, त्यांत शेतमालाच्या भावासाठी उभे राहिलेले शेतकरी बहुसंख्य होते, आणि एकेका केंद्रावर बारा बॅलट युनिट मांडावी लागली होती. डोळस मतदारालाही तिथे नाव हुडकावे लागले असेल. बोटांनी वाचणाऱ्याने ते कसे करायचे, याची कल्पनाच केलेली बरी.

चौथी अडचण यंत्राची नव्हे, माणसांची आहे आणि मला तीच सर्वांत मोठी वाटते. काळा चष्मा आणि पांढरी काठी पाहिल्यावर मतदान अधिकाऱ्याच्या तोंडून पहिला प्रश्न सहसा येतो तो ‘बरोबर कोण आहे?’ हा. नियम ४९-एन ची भाषा नीट पाहिली, तर सोबत्याला परवानगी द्यायची ती मदतीवाचून बटण दाबता येत नाही अशी खात्री झाल्यावर. म्हणजे आधी विचारायला हवे ते ‘तुम्ही स्वतः मत देणार आहात का, ब्रेल मतपत्रिका हवी आहे का?’ असे. आदल्या दिवशी साहित्य घेऊन रात्री केंद्रावर मुक्काम केलेला, पहाटे यंत्राच्या चाचणीसाठीचे अभिरूप मतदान उरकून सकाळी सातला मतदान सुरू करणारा शिक्षक किंवा लिपिक संध्याकाळी सहापर्यंत शंभर नियम डोक्यात वागवत असतो. दिवसभरात एखादाच दृष्टिहीन मतदार येणार असेल, तर प्रशिक्षणातली ती चित्रफीत त्याला त्या क्षणी आठवेलच, असे गृहीत धरता येत नाही. ब्रेलचा कागद पाकिटात आणि पाकीट पिशवीत राहून जाण्यासाठी कोणाचा दुष्टावा लागत नाही.

सात सेकंदांची चिठ्ठी

ब्रेल देशभर आले, त्यानंतर चार वर्षांनी मतदान यंत्रात नवी भर पडली. ऑगस्ट २०१३ मध्ये नियम दुरुस्त झाले आणि सप्टेंबरमध्ये नागालँडमधील नोकसेन पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅट प्रथम वापरले गेले. २०१७ मध्ये गोवा विधानसभेच्या निवडणुकीत ते राज्यातील सर्व केंद्रांवर होते आणि २०१९ पासून लोकसभेसाठी देशभर आहे. बटण दाबल्यावर क्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते आणि मग कापली जाऊन पेटीत पडते. आपले मत आपण दिले तसेच नोंदले गेले, याची मतदाराला स्वतः खात्री करता यावी, हा तिचा सारा हेतू.

दृष्टिहीन मतदारासाठी ती सात सेकंदे रिकामी आहेत. २००९ मध्ये ब्रेल वाचणारा मतदार आणि डोळस मतदार यांना यंत्राकडून मिळणारी माहिती जवळजवळ सारखी होती : दोघांनीही योग्य जागी बोट ठेवले आणि दोघांनीही आवाज ऐकला. व्हीव्हीपॅट आल्यावर डोळस मतदाराला आणखी एक पुरावा मिळाला आणि दुसऱ्याला तो मिळाला नाही. म्हणजे सुधारणेनेच दोघांतले अंतर वाढवले, आणि तेही नकळत. चिठ्ठी चुकीची आली असे मतदाराला वाटले, तर नियम ४९-एमए प्रमाणे त्याला लेखी तक्रार करता येते, चाचणी मत घेतले जाते आणि तक्रार खोटी निघाल्यास कारवाईची ताकीदही दिली जाते. हा हक्क बजावायचा तर आधी चिठ्ठी दिसली पाहिजे. सोबत्याने भलतेच बटण दाबले, तर चिठ्ठीही त्या भलत्याच बटणाची खरी चिठ्ठी असेल, आणि ती पाहणारा एकमेव माणूस सोबतीच असेल.

आज अनेक शहरी दृष्टिहीन व्यक्ती आपला मोबाइल समोर धरून औषधाची बाटली, बसचा फलक, बँकेचे पत्र वाचून घेतात. मतदान केंद्रात मोबाइल नेण्यास मनाई आहे, आणि मताचे छायाचित्र काढून ते विकले जाऊ नये म्हणून ती योग्यही आहे. परिणाम असा की, एरवी ज्या साधनाने तो स्वावलंबी असतो, ते साधन नेमके इथेच दारात ठेवावे लागते आणि केंद्राकडून त्याच्या बदल्यात काही मिळत नाही. चिठ्ठीवरचा मजकूर कानात सांगणारे, यंत्राला न जोडलेले, केंद्राच्याच ताब्यातले उपकरण करता येईल का, हा अभियंत्यांच्या अखत्यारीतला प्रश्न आहे. यंत्राला बाहेरचे काहीही जोडायचे नाही हा आयोगाचा आग्रह रास्त आहे, आणि तो सांभाळूनच विचार करावा लागेल. पण आसिफनगरसारखी एखादी पोटनिवडणूक निवडून ते करून पाहण्यास कोणता नियम आड येतो, हे मला तरी दिसत नाही.

व्हीव्हीपॅटच्याच वर्षी, सप्टेंबर २०१३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने नोटाचा निकाल दिला. कोणत्याही उमेदवाराला मत न देणाऱ्याची नोंद तोपर्यंत मतदार नोंदवहीत सर्वांदेखत होत असे, आणि त्यामुळे गुप्ततेचा भंग होतो, म्हणून यंत्रावर स्वतंत्र बटण द्यावे, असे न्यायालयाने ठरवले. मत नाकारणाऱ्याचीही गुप्तता एवढी मोलाची मानली जाते, तर मत देणाऱ्या दृष्टिहीनाची गुप्तता घोषणापत्रावर सोडणे कितपत टिकते, हा प्रश्न त्या निकालाच्या उजेडात अधिक ठळक होतो.

नॉर्विचची बाई आणि प्लास्टिकची पट्टी

हाच प्रश्न इंग्लंडमध्ये थेट न्यायालयात लढवला गेला. तिथे यंत्रे नाहीत, कागदाची मतपत्रिका आहे, आणि दृष्टिहीनांसाठी तिच्यावर चिकटवायची एक प्लास्टिकची पट्टी २००० च्या कायद्यानंतर ठरवून दिली गेली होती. पट्टीला उमेदवारांच्या ओळींसमोर क्रमांक लिहिलेल्या झडपा असतात. हवी ती झडप उघडायची आणि खालच्या चौकोनात फुली मारायची. नॉर्विच येथील रेचेल अँड्र्यूज या दृष्टिहीन मतदार महिलेचे म्हणणे असे होते की, झडप बोटाला लागते, पण तिच्याखाली कोणाचे नाव आहे हे कळत नाही. ते कोणालातरी विचारावेच लागते, मग मदतीवाचून मत दिले असे कसे म्हणायचे? मे २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांची बाजू मान्य केली. आपण कोणाला मत देतो आहोत हे कळू न देता मतदाराकडून फुली मारून घेणे म्हणजे निवडणूक प्रक्रियेचे विडंबन होय, असे न्यायमूर्ती स्विफ्ट यांनी म्हटले. त्यानंतर २०२२ च्या कायद्याने ती ठरावीक पट्टीच काढून टाकली आणि मतदाराला स्वतंत्रपणे मत देता यावे यासाठी वाजवी वाटेल ते साहित्य पुरवण्याची जबाबदारी स्थानिक निवडणूक अधिकाऱ्यांवर टाकली. एका केंद्रावर एक साधन आणि दुसऱ्यावर दुसरेच, असे यातून होईल, ही दृष्टिहीनांच्या संघटनांची भीती निराधार म्हणता येत नाही.

आपल्याकडची ब्रेल मतपत्रिका या कसोटीवर इंग्लंडच्या पट्टीहून सरस ठरते, कारण ती क्रमांकाबरोबर नावही देते. अट एवढीच की मतदाराला ब्रेल यावे आणि मतपत्रिका त्याच्या हातात पडावी. अमेरिकेच्या २००२ च्या कायद्याने तिथल्या प्रत्येक मतदान केंद्रावर दिव्यांगांना वापरता येईल असे निदान एक यंत्र असावे असे बंधन घातले, आणि त्यात खासगीपणा व स्वावलंबन हे दोन्ही शब्द स्पष्ट लिहिले. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ११ सर्व मतदान केंद्रे सुगम असावीत आणि निवडणूक प्रक्रियेचे सर्व साहित्य दिव्यांगांना सहज समजेल व वापरता येईल असे असावे, एवढे म्हणते. गुप्ततेचा शब्द त्यात नाही. तो आहे दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराच्या कलम २९ मध्ये, ज्याला भारताने २००७ मध्येच मान्यता दिली. त्याच कलमात मतदाराने मागितल्यास त्याच्या पसंतीच्या व्यक्तीची मदत देण्याचेही म्हटले आहे, आणि ते महत्त्वाचे आहे. सोबती नकोच, असा आग्रह कोणी धरू नये. ज्याचे हात थरथरतात, ज्याला बौद्धिक अक्षमतेमुळे यंत्र समजत नाही, किंवा ज्या दृष्टिहीन आजींना नातवाच्या हातानेच मत द्यायचे आहे, त्यांना सोबती मिळालाच पाहिजे. फक्त तो मागितल्यावर यावा.

घरी आलेली मतपत्रिका

ऑक्टोबर २०१९ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन ज्येष्ठ आणि दिव्यांग मतदारांना टपाली मतपत्रिकेने घरून मत देण्याचा पर्याय मिळाला. आधी वयाची मर्यादा ऐंशी होती, २०२४ मध्ये ती पंच्याऐंशी झाली. दिव्यांगांसाठी अपंगत्वाचे प्रमाण किमान ४० टक्के असावे लागते. नमुना १२-ड भरून अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यायचा, मग मतदान पथक घरी येते, चित्रीकरण होते आणि मतदार मत देतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ही सोय प्रथमच देशभर होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी तिचे मोल वादातीत आहे.

दृष्टिहीन मतदाराने मात्र हा पर्याय घेताना एक गोष्ट लक्षात घ्यावी. घरी येते ती कागदाची मतपत्रिका. तिच्यावर बोटाला लागणारे बटण नाही आणि ब्रेल अंकही नाही. यंत्रामुळे जे मिळाले होते, ते घरच्या मतदानात पुन्हा हातचे जाते, आणि खुणेसाठी दुसऱ्याची मदत लागते ती घरातल्याच माणसाची. एकदा हा पर्याय स्वीकारला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. सोय आणि गुप्तता यांतून एकाची निवड त्याला करावी लागते, आणि निदान ती निवड आहे हे अर्ज भरून घेणाऱ्या बीएलओने, म्हणजे केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने, सांगायला हवे.

या साऱ्याच्या मुळाशी मतदार यादीतली खूण आहे. यादीत दिव्यांग म्हणून नोंद असेल, तरच त्या केंद्रावर काय लागेल हे आधी कळते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी देशात अशी नोंद सुमारे ८८ लाख मतदारांची होती. २०११ च्या जनगणनेतील दिव्यांगांची संख्या २ कोटी ६८ लाख आहे. जनगणनेत मुलेही मोजली जातात आणि व्याख्याही वेगळ्या आहेत, त्यामुळे दोन आकडे सरळ ताडून पाहता येत नाहीत. महाराष्ट्रात जनगणनेत २९ लाखांहून अधिक आणि मतदार यादीत सहा लाखांहून थोडे अधिक, एवढी तफावत मात्र केवळ मुलांच्या संख्येने भरून निघणारी नाही.

प्रभागातली चार बटणे

वर जे लिहिले ते लोकसभा आणि विधानसभेचे. महाराष्ट्रातल्या महानगरपालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, आणि कलम ११ त्यालाही नाव घेऊन बांधून घेते. मुंबई वगळता इतर महानगरपालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत, त्यामुळे एका मतदाराला एकाच वेळी तीन-चार जागांसाठी मत द्यायचे असते. सर्व जागांची बटणे दाबली गेली की मगच मत पूर्ण झाल्याचा आवाज येतो. व्हीव्हीपॅट इथे नसतेच.

कोणत्या जागेची यादी कुठे संपते आणि पुढची कुठे सुरू होते, हे डोळस मतदाराला कळावे म्हणून प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाच्या कागदावर छापलेली असते. कल्पना चांगली आहे आणि १९५१ च्या चिन्हांच्या घराण्यातलीच आहे, पण रंग बोटाला लागत नाही. ‘अ’ जागेच्या नोटानंतर लगेच ‘ब’ जागेचा पहिला उमेदवार येत असेल, तर एका बटणाच्या चुकीने दोन जागांची मते बिघडतात, आणि आवाज येईना म्हणून गोंधळलेल्या मतदाराला मदत करायला मतदान अधिकारी आडोशापाशी येतो. या निवडणुकांसाठी ब्रेल तक्ता करायचा झाला, तर त्याची पहिली ओळ उमेदवाराच्या नावाची असून भागणार नाही. कोणती जागा कोणत्या युनिटवर, कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत आहे आणि आवाज येण्याआधी एकूण किती वेळा बटण दाबायचे आहे, हे तिथे सर्वांत वर लिहावे लागेल, आणि दोन जागांच्या सीमेवर यंत्रावर बोटाला लागेल अशी एखादी आडवी पट्टी चिकटवावी लागेल.